दोघांच्या घरात दोन क्विंटल गहू

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या सिडको भागातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान अंबडच्या एका कारखान्यात आहेत आणि पुढच्या मे महिन्यात 58 पूर्ण करून निवृत्त होतील. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला. घरात दोघंच, तरी सहा माणसांच्या वेळची पद्धत चालू आहे. उन्हाळ्यात 2 क्विंटल गहू, 50 किलो तांदूळ, 15 किलोचा तेलाचा डबा आणि वर्षाची कडधान्यं भरली जातात. यंदा कपाट आवरताना चवळी आणि हरभरा भुंग्याने पोखरलेला निघाला, रव्यात जाळी झालेली होती आणि साबुदाण्याची तीन उघडी पाकिटं तीन ठिकाणी सापडली. यजमान म्हणतात, पगार आहे तोवर भरून ठेवू, नंतर परवडणार नाही. शिवाय 2027 च्या सिंहस्थात पाहुण्यांची रीघ लागेल. ताईंच्या मते आधी चांगल्या ट्रॉल्या आणि एकसारखे डबे करून घ्यावेत. सुताराने 45,000 रुपये सांगितले आहेत. त्या विचारतात, "आमच्यात बरोबर कोण? आणि पुढे महिना 25,000 मध्ये भागवायचं तर खाण्यातलं काय कमी करू?"

ताई,

वाद तुमच्या दोघांचा असला तरी दोघांनीही एकच गोष्ट धरून ठेवली आहे, की कपाटात जे आहे ते घराला लागतंच. त्यांना ते वाढवायचं आहे, तुम्हाला ते नीट मांडायचं आहे. मुलं बाहेर पडल्यापासून किती लागतं हे मात्र कुणी मोजलेलं दिसत नाही. म्हणून आधी तराजू काढू.

गव्हापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त जागा तोच अडवतो. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या 32 ते 35 पोळ्या होतात. यजमान दुपारी कॅंटीनमध्ये जेवत असतील, तर सध्या घरात रोजच्या आठेक पोळ्या, म्हणजे महिन्याला 7 किलो कणीक. मेनंतर त्यांच्या दुपारच्या चार पोळ्या घरात येतील. त्याचे आणखी साडेतीन किलो. थंडीचे चार महिने एका वेळेला बाजरीची भाकरी होत असेल, तर वर्षाचा हिशेब एक क्विंटल आणि वर थोडा इथे येऊन थांबतो. दिवाळीत मुलं आठवडाभर राहिली तरी पाच-सहा किलोचाच फरक. दुसरा क्विंटल तुम्ही दरवर्षी कोणासाठी घेता?

बाकीच्या जिनसांचा दोन माणसांचा महिन्याचा अंदाज असा: तांदूळ 4 किलो, तूरडाळ दीड ते 2 किलो, सगळी कडधान्यं मिळून दीड किलो, शेंगदाणे 1 किलो, साखर दीड किलो, तेल दीड लिटर. हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या घरचे नाहीत. तुमचे काढायला कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, शेजारी पेन्सिल दोऱ्याने बांधा. पाकीट फोडलं की तारीख, संपलं की तारीख, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांत आपला खप कळतो. वही करू नका, ती ड्रॉवरमध्ये जाते आणि तिथेच राहते.

तेलाचं उदाहरण बघा. महिन्याला दीड लिटर म्हणजे साधारण 1,365 ग्रॅम. 15 किलोचा डबा अकरा महिने पुरेल. डबा फोडल्यावर मात्र हवा आणि उजेड लागून दोन-तीन महिन्यांत तेल खवट व्हायला लागतं, उन्हाळ्यात आणखी लवकर. म्हणजे स्वस्तात घेतलेलं तेल वर्षातले आठ महिने खवट खायचं. दोघांना एक-एक लिटरच्या पिशव्याच बऱ्या. घाऊक सवलतीचं गणितही इतकंच सरळ आहे. दहा टक्के स्वस्त म्हणून 10 किलो हरभरा घेतला आणि त्यातला एक किलो भुंग्याने खाल्ला, की फायदा शून्य. तुमच्याकडे एक किलोपेक्षा जास्त गेला असावा. रविवार कारंजाच्या बाजारापर्यंतचं रिक्षाभाडं त्यात अजून धरलेलं नाही.

वर्षाची बेगमी हा प्रकारच चुकीचा आहे असं नाही. काही जिनसा तिला साजतात, काही नाही. गहू साजतो, नीट वाळवला तर. घरचा मसाला आणि तिखट साजतं, बरणीत हिंगाचे खडे टाकून, कोरड्या चमच्याने काढलं तर. पापड-कुरडया साजतात. आणि सगळ्यात जास्त साजते ती नागली, म्हणजे नाचणी. पेठ-सुरगाण्याकडची नागली दाण्याच्या रूपात कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, इतक्या बारीक दाण्याला कीड सहसा लागत नाही. शंभर ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे उतारवयात हाडांना हवं तेच. पाकीटबंद 'मल्टिग्रेन' पिठाच्या पैशात बरीच नागली येते, हे जाता जाता.

चवळी, मूग, मटकी, हरभरा यांची बेगमी करू नये. भुंगा बऱ्याचदा शेतातून किंवा गोदामातूनच अंडी घालून आलेला असतो. दाण्यावर पांढरा ठिपका दिसतो ते अंडं. अळी दाण्याच्या आत वाढते आणि महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. तुम्ही डबा कितीही घट्ट लावा, शत्रू आतच आहे. दोन महिन्यांपुरतंच घ्यायचं आणि जास्त घ्यावंच लागलं तर किलोला एक छोटा चमचा, म्हणजे साधारण 5 मिलिलिटर, एरंडेल चोळून ठेवायचं. तेलाच्या थरामुळे अंडी दाण्याला चिकटत नाहीत आणि आतली गुदमरतात. शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुतलं की पुरे. डाळींना हा त्रास बराच कमी, कारण या भुंग्याला अख्खा दाणा लागतो. म्हणून हरभऱ्यापेक्षा हरभरा डाळ जास्त ठेवली तर चालते.

रवा, मैदा, बेसन पिशवीसकट आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी मरतात. एकच चूक इथे सगळे करतात. गार पिशवी बाहेर काढून लगेच उघडतात, मग हवेतलं बाष्प पिठावर बसतं आणि आठ दिवसांत बुरशी येते. पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग डब्यात भरा. बाजरीचं पीठ मात्र कुठेही ठेवा, त्यात तेलाचा अंश असल्याने आठ-दहा दिवसांत कडू होतं. एका वेळी दोन किलोच दळून आणा.

आता गव्हाबद्दल सविस्तर, कारण एक क्विंटल घेणार असाल तर तो वर्षभर राहिला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात चादरीवर बोटाच्या दोन पेरांपेक्षा पातळ थर पसरून दोन-तीन दिवस वाळवा, मधूनमधून हात फिरवा. दाणा दाताखाली कट्ट करून फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. खात्रीच करायची तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर गहू आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून जोरात हलवा आणि दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर गहू ओला आहे. वाळलेला गहू संध्याकाळी गरम असतानाच कोठीत भरला, तर रात्री झाकणाला आतून घाम येतो. तेच पाणी वरच्या थरात उतरतं आणि गठ्ठे धरतात. रात्रभर सावलीत गार होऊ द्या, सकाळी भरा. कोठी फरशीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली फळी, मागे चार बोटं जागा. मोरीला किंवा बाथरूमला लागून असलेली भिंत तर टाळाच, जुलै-ऑगस्टमध्ये ती आतून ओल धरते.

कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच घाला. हिरवा घातलात तर ओल तुम्हीच आत नेली. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत अनेक घरांत आहे, ती बंद करा. ते खाण्यात जायचं रसायन नाही आणि धुण्याने सगळं निघेल याची हमी नसते. आणि धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी आग्रहाने देऊ केल्या तरी घरात आणू नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद घरात त्याने माणसं दगावली आहेत.

कांद्याबाबतही मोह होतो, लासलगाव-पिंपळगाव हाताशी असल्यावर होणारच. टिकतो तो उन्हाळी कांदा, मार्च ते मेदरम्यान निघणारा. थंडीतला लाल कांदा साठवायच्या कामाचा नाही. मध्यम आकाराचा, मान पूर्ण सुकून मिटलेली असा बघून घ्या. कांदाचाळीत खेळती हवा असते म्हणून तिथे तो महिनोनमहिने राहतो. बाल्कनीतल्या गोणीत पावसाळ्यात एक सडला की शेजारचे चार जातात. दोघांना महिन्याला पाच-सहा किलो लागत असेल, तर दोन महिन्यांचा बास, तोही पसरट जाळीच्या टोपलीत, बटाट्यापासून लांब. बटाट्याच्या ओलीने कांद्याला कोंब फुटतात.

पाहुण्यांसाठी आत्तापासून भरण्यात अर्थ नाही. भुंगा सिंहस्थाची वाट पाहत थांबत नाही. मुख्य स्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत, म्हणजे ऐन दमट दिवसांत. पर्वणीच्या आसपास रस्ते बंद असतात हे खरं. त्यासाठी जुलैच्या अखेरीला तांदूळ, तूरडाळ, पोहे, रवा, साखर आणि चहा नेहमीपेक्षा पंधरा दिवसांचा जास्त आणून ठेवा. येणाऱ्याला खिचडी आणि पोहेच लागतात, दोन वर्षांपूर्वीची चवळी नाही.

ट्रॉल्यांचा निर्णय थांबवा, मी नाही म्हणत नाही. आधी कपाट रिकामं होऊ दे. स्वच्छ उन्हाचा दिवस बघून सगळं, म्हणजे माळ्यावरचंसुद्धा, जुन्या चादरीवर बाहेर काढा. तांदळात चार सोंडकिडे दिसले म्हणून तांदूळ टाकायचा नसतो. चाळून, थोडा वेळ सावलीच्या वाऱ्यात पसरून पुन्हा भरा आणि तो आधी संपवा. तांदूळ कडक उन्हात घालू नका, दाणा तडकतो आणि भाताचा चुरा होतो. डाळ-कडधान्यात बहुतेक दाण्यांना भोकं असतील तर टाका. जाळी झालेलं पीठ, रवा टाका. चाळणीतून अळी जाते, तिची घाण राहते. बुरशी आलेले, काळपट पडलेले, चवीला कडू शेंगदाणे निवडत बसू नका, सगळे टाका. त्यातलं विष भाजून पूर्ण जात नाही. खवट तेल देवापुढच्या दिव्याला चालेल.

जे चांगलं आहे पण थोडं-थोडं उरलंय, त्याची भाजणी करा. ज्वारी 1 किलो, बाजरी अर्धा, गहू पाव, हरभरा डाळ पाव, उडीद 125 ग्रॅम, धने 50 ग्रॅम आणि मूठभर जिरं, या मापाच्या आसपास काहीही चालतं. नागली, तांदूळ, मूग यांची भर घालता येते. एक पथ्य: प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. ज्वारी फुटायला लागते तोवर डाळ आतून कच्चीच असते, एकत्र भाजलं तर एक करपतं आणि दुसरं चिकट राहतं. पूर्ण गार झाल्यावर दळायला द्या आणि गिरणीवाल्याला जरा भरड दळ म्हणून सांगा. दोन महिने तरी टिकते. त्याच महिन्यात किराणा आणायचा नाही असं ठरवा; दूध, भाजी, फळं आणि संपेल तेवढंच मीठ-मसाला. हा एक महिना पार पडला की कपाट साधारण अर्धं होईल, आणि तुम्हाला किती ट्रॉल्या लागतात ते सुतार नाही, कपाट सांगेल.

मांडणीत दोन-तीन गोष्टींकडेच खरं लक्ष द्यायचं. जुन्या ओट्याखालची कपाटं दोन-दोन फूट खोल असतात आणि मागची पाकिटं तिथे वर्षभर वनवासात जातात. तिथे एक लांबट ट्रे ठेवा, अख्खा पुढे ओढता येईल असा. 200-300 रुपयांत ट्रॉलीचं बहुतेक काम होतं. तेल आणि मसाले गॅसच्या वरच्या फळीवर नकोत, उष्णतेने रंग आणि वास आधी जातो. जड डबे कंबरेच्या उंचीला, हलके वर, आणि माळ्यावर खायचं काहीच नाही. साठीनंतर स्टुलावर चढून 15 किलोचा डबा उतरवणं म्हणजे घाऊक खरेदीतली बचत अस्थितज्ज्ञाला नेऊन देणं. कोठीतला गहू 10-10 किलोच्या डब्यांत काढून ठेवा, म्हणजे महिन्याचं दळण एका डब्याचं. स्टीलचे जुने डबे मोडीत काढू नका. आतलं दिसत नाही एवढाच त्यांचा दोष, त्याला कागदी पट्टी पुरते. तिच्यावर नाव, भरल्याची तारीख आणि वजन लिहा.

आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही. साबुदाणा तीन ठिकाणी सापडला त्याचं कारण जागा ठरलेली नव्हती, आणि हरभरा पोखरला त्याचं एक कारण बहुधा तळाशी राहिलेला जुना हरभरा. डबा रिकामा, धुऊन उन्हात तापवलेला असेल तरच नवा माल आत. जुना वेगळ्या छोट्या बरणीत आणि पुढे. पाकिटावर तारीख वाचताना 'बेस्ट बिफोर' आणि 'यूज बाय' यांत गल्लत करू नका. पहिलीनंतर चव आणि कुरकुरीतपणा उतरतो, दुसरीनंतर ते खायचंच नाही.

आता खाण्यातलं काय कमी करू, या तुमच्या प्रश्नाकडे. डाळ, दूध, भाजी, दाणे यांना हात लावू नका. वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि ते टिकवायला प्रथिनं लागतात. निवृत्तीनंतर काटकसर म्हणून डाळ पातळ करणारी घरं पुढे त्याची किंमत औषधांत मोजतात. कमी करण्यासारखं वेगळंच आहे: बिस्किटं-फरसाणाची पाकिटं, दहा मिनिटांत घरी येणाऱ्या अॅपवर 'डिलिव्हरी फुकट व्हावी' म्हणून टाकलेली जास्तीची वस्तू, आणि घरात असताना पुन्हा आणलेलं. गॅसही बघा, दुपारचा स्वयंपाक आणि मधले दोन चहा घरात आले की सिलिंडर लवकर संपेल. हरभरा 8 ते 10 तास, तूरडाळ अर्धा तास भिजवली, भात-डाळ एकाच कुकरमध्ये लावली आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक केली तर तो फरक बराच भरून निघतो. कॅंटीनचं स्वस्त जेवण बंद होणार, म्हणून किराणा निवृत्तीनंतर कमी नाही, थोडा वाढणार आहे. हे हिशेबात धरलंय का?

कारण 25,000 हा आकडा कसा आला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. यजमानांनी वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल, तर ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन जास्तीत जास्त 15,000 पगार धरून, गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70 अशी निघते. 20 वर्षं किंवा जास्त सेवेला 2 वर्षं वाढवून मिळतात, पण सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सेवेला 6,500 चीच मर्यादा लागते. म्हणून 30 वर्षं नोकरी करूनही ती 7,000 च्या आतच राहते. समजा 5,000 मिळाली, तर महिन्याचे उरलेले 20,000 व्याजातून यायला, वर्षाला 8.2 टक्के दर धरला तरी, 29 लाखांहून थोडी जास्त मुद्दल लागेल. दर पुढे तोच राहील असंही नाही. यजमानांकडून पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा खरा आकडा मागून घ्या आणि मग 25 म्हणायचं की 22 ते ठरवा. सुताराचे 45,000 त्याच दराने ठेवले तर वर्षाला 3,690 रुपये येतात, हेही शेजारी लिहून ठेवा.

मेची वाट कशाला बघायची? पुढच्या पगारापासूनच 25,000 मध्ये घर चालवून बघा आणि वरचे दुसऱ्या खात्यात टाका. पहिले दोन महिने जमणार नाही. कुठे फसलं ते त्या दारावरच्या कागदाशी ताडून बघा. बहुधा वाढदिवस, औषधं किंवा पुण्याची एखादी खेप निघेल, किराणा नव्हे.

यजमानांना मात्र 'तुमचं चुकलं' असं सांगू नका. आयुष्यभर घर भरलेलं ठेवणं हीच त्यांची जबाबदारी होती, ती अचानक मोडीत काढली तर टोचेल. वाळवण, मिठाची बाटली, डब्यांच्या पट्ट्या आणि दारावरचा कागद त्यांच्याकडे द्या; कारखान्यात स्टॉक मोजणारे हात घरातही मोजतील. यंदा गहू एक क्विंटल सांगा, आणि सुताराला दिवाळीनंतर माप घ्यायला बोलवा.